उतरंड आणि अलंकार : प्रभाकर कांबळे यांच्या मांडणशिल्पाविषयी

वर्षावासातील अभ्यासवर्गाचा विषय बहुधा सुत्तपिटकातील एखादे सुत्त, नाही तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा एखादा खंड असा असतो. भूम येथील विहारात झालेल्या एका वर्गात आम्ही हा प्रघात बाजूस ठेवला आणि प्रभाकर कांबळे या समकालीन कलावंताच्या 'उतरंड' या कृतीची छायाचित्रे उपासक-उपासिकांसमोर पडद्यावर दाखविली. योगायोग असा की तो पोळ्याचा आठवडा होता. बाजारात झुली, गोंडे, शेंब्या आणि रंगीत दोरांची दुकाने लागलेली होती, आणि विहाराच्या पडवीत बसले तरी घुंगुरमाळांचा आवाज कानी येत होता. वर्ग संपल्यावर जी चर्चा झाली तिने आमचे काही पूर्वग्रह दूर केले व काही शंका अधिक पक्क्या केल्या. प्रस्तुत लेख त्या चर्चेतून झाला आहे.

मांडणशिल्प हा प्रकार आपल्या वाचकांपैकी काहींना अपरिचित असेल. दगड कोरून किंवा कागदावर रंग लावून येथे काम पुरे होत नाही. नित्याच्या वापरातील अथवा मुद्दाम घडविलेल्या वस्तू एखाद्या जागेत अशा रीतीने मांडावयाच्या की त्या मांडणीतूनच अर्थ निघावा, आणि पाहणाऱ्याने त्यांच्या भोवती फिरून तो शोधावा, असे त्याचे स्वरूप असते. कांबळे हे कोल्हापूर भागातील ग्रामीण जीवनातून आलेले, मुंबईत काम करणारे कलावंत. त्यांच्या कृतींत मातीची भांडी, दोर, धातू आणि बैलांच्या साजातील वस्तू पुन्हा पुन्हा येतात. २०२१ साली त्यांनी 'ब्रोकन फूट', म्हणजे भंगलेले पाऊल, या नावाचे प्रदर्शन संयोजित केले होते. त्यामागे २०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या पावलांची आठवण होती. पुढे २०२२ च्या जून ते सप्टेंबर या काळात जर्मनीतील बाराव्या बर्लिन द्वैवार्षिकीत त्यांची 'उतरंड' मांडली गेली. कादेर अतिया या अल्जीरियन-फ्रेंच कलावंताने त्या प्रदर्शनाचे संयोजन केले होते. आम्ही ही कृती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, छायाचित्रांतूनच पाहिली आहे, आणि वाचकांनी आमचे म्हणणे त्या मर्यादेसह वाचावे.

कृती थोडक्यात अशी आहे. तळाशी मानवी पावले आहेत. त्या पावलांवर मातीची मडकी एकावर एक चढत गेली आहेत. बर्लिनच्या प्रेक्षकाला 'उतरंड' म्हणजे काय हे फलकावरून वाचावे लागले असेल. भूमच्या प्रेक्षकाला त्याची गरज नव्हती. पहिले चित्र पडद्यावर आले तेव्हाच मागच्या रांगेतील बायकांत कुजबूज झाली, आणि कोणी म्हणाले, "अगं बाई, ही तर आपल्या आजीच्या घरातली."

आजीच्या घरातील ती वस्तू कशी होती हे येथे सांगणे अवश्य आहे, कारण तरुण पिढीच्या घरी पत्र्याचे डबे आणि प्लास्टिकच्या बरण्या आहेत. माजघराच्या कोपऱ्यात तळाशी रांजण किंवा मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडके, त्यावर गाडगे, अगदी वर बोळके, आणि त्याच्या तोंडावर परळाचे झाकण, अशी ती रचना असे. तळाच्या भांड्यात ज्वारी, मधल्यांत डाळी-कडधान्ये, वरच्यात बी-बियाणे आणि कधी एखादी लपवून ठेवलेली चांदीची वस्तू. पांढऱ्या मातीच्या बोटांनी त्यावर ठिपके अथवा वेलीची रेघ ओढलेली असे. घरात पैसा नसला तरी उतरंड नीट लावलेली असली म्हणजे ते घर नांदते दिसे. ती घराची शोभा होती, आणि सर्व भार तळाच्या भांड्यावर असे. ह्या दोन गोष्टी एकाच वस्तूत एकवटलेल्या होत्या हे आम्ही तरी त्या दिवसापर्यंत नीट लक्षात घेतले नव्हते.

मराठीत 'जातींची उतरंड' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो आता कानाला टोचत नाही. भाषणात तो येतो, लेखात येतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही येतो. वापरून वापरून रूपक गुळगुळीत होते तेव्हा त्यातील वस्तू नाहीशी होते व नुसता अर्थ उरतो. कांबळे यांनी केलेली पहिली मोठी गोष्ट, आमच्या मते, ही की त्यांनी ती वस्तू परत आणून समोर ठेवली. शब्दाला पुन्हा वजन आले.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण, हा तिचा आशय सर्वश्रुत आहे. मनोरा आणि उतरंड ह्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते. मनोऱ्यातील मजल्यांना एकमेकांचे वजन जाणवत नाही. तेथील दुःख कोंडलेपणाचे आहे. उतरंडीतील दुःख ओझ्याचे आहे. मनोरा दगडी आहे, तो पाडावा लागतो. उतरंड कुंभाराच्या कच्च्या-पक्क्या मातीची आहे, आणि तिचा तळ हलला की वरचे सारे खाली येते. बाबासाहेबांनी ज्या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ज्यात प्रत्येक पायरीला वर पाहून दबावे आणि खाली पाहून सुखवावे अशी सोय आहे, तिचे हे दुसरे चित्र जुन्या चित्राला छेद देत नाही. ते त्यात आणखी एक बाजू घालते.

या ठिकाणी वर्गातील एका वृद्ध उपासिकेने जे सांगितले ते आमच्या सर्व विवेचनापेक्षा नेमके होते. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणता तळचं मडकं हललं की उतरंड पडती. पण बाईमाणूस ती पडू देत नाही. तळची ज्वारी काढायची म्हणलं की वरून एकेक उतरवावं लागतं, अन् खाली मांडावं लागतं. मग सगळी एका ओळीत बसतात." ज्वारी काढण्यासाठी सर्व भांडी जमिनीवर एका ओळीत येतात, ही घरगुती गोष्ट आम्हां विद्यापीठीय माणसांच्या ध्यानातही आली नव्हती. आम्ही त्यांना विचारले की मग पुन्हा रचताना तीच भांडी तळाशी का ठेवता. त्या हसल्या व म्हणाल्या, "मोठं असतंय म्हणून." जे मोठे आहे तेच तळाशी राहते. ह्या उत्तरात समाजशास्त्राचा एक धडा आहे.

आता अलंकाराकडे वळू. कांबळे यांच्या कामातील बैलांचा साज हा आमच्या दृष्टीने भांड्यांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तोच अधिक वादाचाही आहे. कोल्हापूरकडे बेंदूर, आपल्या मराठवाड्यात पोळा. श्रावण अमावास्येला बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, बेगड लावून, अंगावर झूल घालून मिरवितात. हा साज कोण तयार करीत असे? दोर वळण्याचे काम परंपरेने मांग समाजाकडे, कातड्याच्या पट्ट्यांचे काम चांभार व ढोर समाजाकडे. ज्यांच्या हातांनी तो साज घडला त्यांची जागा मिरवणुकीत कोठे होती हे कोणाही वडीलधाऱ्यास विचारावे. मानाचा बैल पाटलाचा, तो पुढे. मागचा क्रम घराण्यांच्या पायरीप्रमाणे. आणि तोच बैल मेला म्हणजे साज उतरवून, ते धूड ओढून नेण्याचे काम महाराचे. पोळ्याच्या दिवशी ज्या अंगावर झूल पडे तेच अंग पुढे महारवाड्याच्या वाट्याला येई. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा त्यांनी या शोभेच्या दुसऱ्या टोकाला हात घातला होता.

आमच्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला बाबासाहेब उपस्थित होते. त्या वेळी त्यांना बैलगाडीतून मिरवीत नेल्याची आठवण या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या बैलांसाठी दोर वळले व दुसऱ्यांची मेलेली गुरे ओढली, त्यांनी त्या दिवशी आपल्या माणसासाठी गाडी जुंपली. वस्तू त्याच असतात. कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने, यावर त्यांचा अर्थ ठरतो.

हे सांगण्याचे कारण असे की वर्गात एका तरुण शिक्षकाने स्पष्ट आक्षेप घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली, पोतराजाचे केस कापले, देव्हारे रिकामे केले. आता आपल्यातीलच एक कलावंत गोंडे आणि मडकी उचलून परदेशात मांडतो, हे मागे जाणे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू यांची आठवण ज्या समाजाच्या अंगात आहे त्याने मडक्याकडे निव्वळ सौंदर्यदृष्टीने पाहावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. तथापि आक्षेपात एक गृहीत आहे, ते असे की अलंकार म्हणजे वस्तूवर वरून चढविलेली शोभा, आणि ती वापरणारा तिला मान्यता देतो. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी आमच्या विषयाकडे, म्हणजे पालि वाङ्मयाकडे, जाण्यावाचून गत्यंतर नाही.

धम्म अलंकाराच्या विरोधी आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. अष्टशीलातील सातव्या शिलात माला, गंध, मंडन, विभूषण यांपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आहे, हे उपोसथ पाळणारा प्रत्येक उपासक जाणतो. धम्मपदाच्या जरावग्गात सजविलेल्या देहाकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्यास सांगितले आहे. परंतु त्याच धम्मपदाच्या दण्डवग्गात अलंकृत असूनही जो शांत व संयत आहे त्याला श्रमण म्हणण्यास हरकत नाही असाही भाव आहे, आणि अट्ठकथेने त्यासाठी संतति नावाच्या अमात्याची कथा दिली आहे, जो अंगावरील दागिन्यांसह अर्हत झाला. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर याहून मनोरंजक प्रसंग येतो. छब्बग्गिय भिक्षूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृतींची चित्रे रंगवून घेतली. विहार पाहण्यास आलेल्या लोकांनी, हे तर कामभोगी गृहस्थांसारखे झाले, अशी टीका केली. तथागतांनी तशी चित्रे निषिद्ध केली, पण भिंती कोऱ्या ठेवा असे सांगितले नाही. मालाकम्म, लताकम्म, मकरदंतक आणि पंचपटिक यांना त्यांनी अनुमती दिली, म्हणजे फुलमाळांची नक्षी, वेलींची नक्षी, मकराच्या दातांसारखी टोकदार ओळ आणि आणखी एक प्रकार. भारहूतच्या कठड्यावरील वेल आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावरील नक्षी पाहताना हा नियम आठवतो. नक्षीला विहारात जागा होती. नक्षीने कशाची लालसा वाढते, एवढाच प्रश्न विचारला गेला. (आजच्या काही विहारांत बुद्धमूर्तीच्या मागे फिरणारी विजेची रंगीत चक्रे पाहून छब्बग्गिय भिक्षू अद्याप हयात आहेत की काय असे वाटते, पण तो वेगळा विषय आहे.)

याच चुल्लवग्गात आम्हांस ह्या संदर्भात सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग आहे, तो उपालीच्या प्रव्रज्येचा. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी निघाले. राज्याची सीमा ओलांडल्यावर त्यांनी अंगावरचे सर्व दागिने उतरविले, उत्तरीयात बांधले आणि ते गाठोडे बरोबरच्या उपाली नावाच्या न्हाव्याला देऊन त्याला परत जाण्यास सांगितले. एवढ्यावर तुझा चरितार्थ चालेल, असे त्यांचे म्हणणे. उपाली थोडे अंतर गेला. मग त्याने ते गाठोडे एका झाडाला टांगले, ज्याला दिसेल त्याने न्यावे असे म्हणून सोडून दिले, आणि तो कुमारांच्या मागोमाग चालू लागला. पुढे शाक्यकुमारांनीच तथागतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल व आमचा शाक्यकुळाचा ताठा उतरेल. तसेच झाले.

ही कथा प्रव्रज्येच्या क्रमासाठी नेहमी सांगितली जाते. झाडाला टांगलेल्या गाठोड्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. उपालीने दागिने घातले नाहीत, विकले नाहीत, फेकलेही नाहीत. ते ज्या अंगांवर कुळाची खूण म्हणून मिरवत होते त्या अंगांपासून वेगळे करून त्याने ते उघड्यावर टांगले. तेथे त्यांचा मान गेला आणि नुसते सोने-चांदी उरले. कांबळे बैलाच्या साजाचे जे करतात ते आम्हांस याच्या फार जवळचे दिसते. गोंडा आणि दोर जनावराच्या अंगावरून, पोळ्याच्या मिरवणुकीतून, पाटलाच्या वाड्यासमोरून उचलून ते कलादालनात आणले म्हणजे तो सण राहत नाही. मग दोर हा दोर दिसतो. तो वेसणीतून जातो, तो ओढण्यासाठी आहे, त्याला गाठी आहेत, आणि त्याच्यावरील लाल-पिवळा रंग ती ओढ लपविण्यासाठी आहे, हे पाहणाऱ्याला दिसू लागते. तरुण शिक्षकाच्या आक्षेपाला आमचे उत्तर हे आहे. साज अंगावर चढविणे हे मागे जाणे होईल. साज उतरवून टांगणे हे उपालीचे काम आहे.

नक्षीच्या आड हिंसा कशी लपते याचा शोध जगात इतरत्रही चालू आहे. इराणमधून जर्मनीत गेलेल्या परस्तू फोरूहर या कलावंत स्त्रीचे उदाहरण या संदर्भात देण्याजोगे आहे. तिचे आईवडील दारियुश व परवाने फोरूहर हे राजकीय कार्यकर्ते होते, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तेहरान येथील त्यांच्या घरी त्यांची हत्या झाली. तिच्या काही कृती दुरून पर्शियन नक्षीकामासारख्या गोड दिसतात. जवळ जावे तर त्या नक्षीतील प्रत्येक आकार म्हणजे छळ सोसणारी अथवा छळ करणारी माणसे असतात. तेथे हिंसा नक्षीच्या पोटात दडवावी लागते, कारण ती राजसत्तेने दडविलेली आहे. आपल्याकडे तशी गरज नाही. आपली हिंसा माजघरात, चारचौघांत, सणासुदीला, सर्वांच्या कौतुकाने मांडून ठेवलेली असते. कांबळे यांना काही लपवावे लागत नाही, फक्त जे दिसते आहे त्याच्या खाली पावले ठेवावी लागतात.

आणि येथेच आमचा मतभेद सुरू होतो.

तळाची पावले ही कोणती? भटक्या मजुराची, शेतात राबणाऱ्याची, हे तर आहेच. परंतु मडक्यांच्या चढत्या रचनेखाली पावले आली की भारतीय प्रेक्षकाच्या मनात पुरुषसूक्त जागे होते. मुख ब्राह्मणाचे, बाहू क्षत्रियाचे, मांड्या वैश्याच्या आणि पायांपासून शूद्र. बाबासाहेबांनी १९४६ च्या आपल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात या सूक्ताची जी चिकित्सा केली ती प्रसिद्ध आहे. कलावंताला हा संदर्भ अभिप्रेत असो वा नसो, प्रतिमा तो ओढून आणते. आम्ही पायांपासून झालो असे तुम्ही म्हणता ना, तर पाहा, सारे आमच्या पायांवर उभे आहे, असे प्रत्युत्तर त्या प्रतिमेत आहे. प्रत्युत्तर बाणेदार आहे. पण ते देताना शरीराचा तो नकाशा मान्य केला जातो. वर-खाली ही भाषा त्यांची, पाय हे नाव त्यांनी दिलेले. आम्ही पाय आहोत, म्हणून आम्हीच खरा आधार आहोत, असे म्हणणे म्हणजे उतरंडीतील तळाच्या मडक्याला त्याच्या मोठेपणाचे प्रशस्तिपत्र देणे होय. त्या वृद्ध उपासिकेचे उत्तर आठवावे.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात हाच प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पुब्बारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मणकुळातील तरुण भिक्षुसंघात राहत होते. तथागतांनी त्यांना विचारले, ब्राह्मण तुमची निंदा करीत नाहीत काय? ते म्हणाले, पुष्कळ करतात. श्रेष्ठ वर्ण सोडून मुंडक्यांत, काळ्यांत, ब्रह्माच्या पायांपासून जन्मलेल्यांत गेलात, असे म्हणतात. यावर तथागतांनी पायांचे माहात्म्य सांगितले नाही. त्यांनी सरळ विचारले की ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धरतात, प्रसवतात, अंगावर पाजतात, हे सर्वांना दिसते. योनीतूनच जन्मलेले हे लोक, मग आम्ही ब्रह्माच्या मुखातून आलो असे कोणत्या तोंडाने म्हणतात? मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तातही हाच युक्तिवाद आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्माच्या अवयवांतून झालेल्या प्रसूतीची जी टर उडविली ती याच कुळातील. तिघांनीही नकाशाच फाडला आहे. पायांना वर आणणे नव्हे, तर वर-खाली ठरविणारी ती जन्मकथाच हास्यास्पद करून सोडणे, ही आपली परंपरा आहे.

म्हणून त्याच बर्लिन द्वैवार्षिकीतील मयूरी चारी यांची कृती आम्हांस या बाबतीत सुत्ताच्या अधिक जवळ वाटली. मूळच्या गोव्याच्या या कलावंत स्त्रीने तेथे शेणाच्या गोवऱ्यांची भिंत उभी केली होती. 'माझी निर्मिती सुखभोगासाठी झालेली नाही' अशा अर्थाचे इंग्रजी शीर्षक तिला दिले होते, आणि गोवऱ्यांना स्त्रीच्या जननेंद्रियाचे आकार होते. त्यांच्या इतर कामांत कापडावर सुई-दोऱ्याने काढलेली स्त्रीदेहाची चित्रे असतात. गोवऱ्यांच्या ओळींनी भरलेली भिंत ही खेड्यातील सर्वांत जुनी नक्षी होय. भूमच्या वर्गात हे चित्र दाखवावे की नाही याविषयी आम्ही कचरलो होतो हे प्रांजळपणे मान्य करतो. दाखविले तेव्हा पुरुषांनी माना खाली घातल्या. बायका शांतपणे पाहत राहिल्या, आणि एकीने एवढेच विचारले की गोवऱ्या जर्मनीत वाळल्या का. जन्म कोठून होतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या आकाराची लाज वाटली नाही. ज्या देहाला विटाळाचे नाव देऊन बाजूस बसविले, त्याच देहाकडे बोट दाखवून तथागतांनी मुखजन्माचा दावा निकालात काढला होता. गाईच्या शेणाला पवित्र म्हणणाऱ्या भिंतीवर हा देह उमटला की दोन्ही समजुती एकदम उघड्या पडतात.

याचा अर्थ 'उतरंड' दुय्यम कृती आहे असा नव्हे. मांडणीची साधी ताकद तिच्यात अधिक आहे, आणि ती दीर्घकाळ लक्षात राहील. तिच्याविषयी आणखी एक अडचण मात्र नोंदवितो, जी एकट्या कांबळे यांची नसून सर्वच समकालीन कलाव्यवहाराची आहे. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण हे कोरीवकाम केल्याचा लेख ठेवला आहे. दोन हजार वर्षांनंतरही त्या नक्षीला तिचे हात आहेत. आजच्या कलादालनाची रीत अशी की फलकावर एकट्या कलावंताचे नाव असते. मडके कोणत्या कुंभाराच्या चाकावर फिरले, दोर कोणी वळला, याला तेथे जागा नसते. जी कृती तळाच्या पावलांविषयी बोलते तिच्या फलकावर तरी ती जागा असावी, अशी अपेक्षा धरणे अवाजवी ठरू नये. सांचीचे उदाहरण परके नाही, आपलेच आहे. आमच्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील संग्रहालयात मातीच्या ज्या मूर्ती व भांडी ठेवली आहेत ती घडविणाऱ्यांची नावे आता कळण्याचा मार्ग नाही. आज घडविणाऱ्यांची नावे कळण्यास काहीच अडचण नाही.

राहिला बर्लिनचा आणि भूमचा प्रश्न. परदेशी प्रेक्षकाला मडके आणि गोंडा प्रथम सुंदर दिसणार, मग फलक वाचून त्यामागील दुःख कळणार. भूमच्या प्रेक्षकाचा क्रम उलटा होता. त्याला ओझे आधी दिसले. सौंदर्य त्याला नंतर, आणि काहीशा संकोचाने दिसले. एक उपासक, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काम केले, ते शेवटी म्हणाले की पोळ्याला बैल आम्हीच सजवीत होतो, हात आमचेच होते, आणि ते काम करताना आनंद होत असे, ते खोटे कसे म्हणावे? ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि कांबळे यांच्या कृतीजवळही ते आहे असे आम्हांस वाटत नाही. जुलमाच्या व्यवस्थेत राबणाऱ्या हातांनाही कारागिरीचे सुख मिळते. उपाली न्हावी होता, त्यालाही आपल्या वस्तऱ्याचा अभिमान असेल. ज्या टीकेत ह्या सुखाला जागा नाही ती राबणाऱ्याला पुन्हा एकदा केवळ पाय ठरविते.

पुढील वर्गासाठी आम्ही मंगलसुत्त निश्चित केले होते. मंडळींच्या आग्रहावरून ते मागे ठेवून अग्गञ्ञसुत्त घेतले, आणि पाठास आरंभ करण्यापूर्वी दोन्ही छायाचित्रे पुन्हा एकदा पडद्यावर लावावी लागली.